परांची बांधणाऱ्याला आधी सांगा, भिंतीवर काय आहे ते

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाऊस ओसरला की आमच्या डोंबिवली-कल्याणपासून ठाण्यापर्यंत जिकडे बघावं तिकडे इमारतींना परांच्या चढायला लागतात. बांबू, हिरवी जाळी, गेटजवळ रेतीचा ढीग, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धुळीच्या तक्रारी. परांची कोसळली, मजूर पडला अशा बातम्या तुमच्या पेपरात येतात, आतल्या पानावर चार ओळींच्या का होईना पण येतात. परांचीवरच्या माणसाला अजून एक धोका असतो, त्याची बातमी मात्र कधीच होत नाही, कारण त्यात माणूस त्या दिवशी जात नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी जातो, आणि तोपर्यंत कुठल्या बिल्डिंगीवर काय फोडलं होतं हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मी ॲस्बेस्टॉसबद्दल बोलतोय.

मी रिपेअरिंगच्या कामांवर साइट सुपरवायझर होतो, आता रिटायर झालोय. इंजिनियर नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पण बांबूवाल्यांबरोबर आयुष्य गेलंय त्यामुळे ते लोक कशाला हात लावतात, कशावर पाय ठेवतात आणि दुपारी कुठे बसून जेवतात हे मी जवळून बघितलंय, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटची टेंडरची गोष्ट तेवढी ठेवा.

ॲस्बेस्टॉस म्हटलं की लोकांना वाटतं ती काहीतरी कारखान्यातली, केमिकलची भानगड आहे. तसं नाही हो. गच्चीवरच्या शेडवर जो करडा नागमोडी सिमेंटचा पत्रा असतो ना, तो. त्यात साधारण आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो, बाकी बहुतेक सिमेंट. जुन्या बिल्डिंगांच्या मागच्या बाजूला गच्चीवरून खाली आलेले पावसाच्या पाण्याचे जाड करडे पाइप, तेही बऱ्याचदा तेच. काही ठिकाणी जुन्या टाक्या, संडासांच्या वरचे व्हेंट पाइप, आणि कारखान्यात गेलात तर बॉयलरच्या आणि स्टीमच्या लाइनीवर गुंडाळलेलं पांढरट लपेटण. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते हाताने चुरगळलं तरी भुगा होतो. सिमेंटच्या पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेला असतो त्यामुळे अख्खा पत्रा डोक्यावर असला तर लगेच घाबरायचं कारण नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी पहार घेऊन गच्चीवर जायचा आणि जे होऊ नये तेच करून बसायचा. भानगड सुरू होते ती पत्रा फोडला, कापला, घासला, त्याला ड्रिल मारलं की.

आणि हे सगळं करायला पहिला कोण जातो, तर परांचीवाला.

बांबूची परांची बिल्डिंगीला कशी धरून ठेवतात बघा. खिडकीच्या ग्रिलला बांध, छज्ज्याला बांध, आणि मागच्या बाजूला ग्रिल नसेल तर सरळ त्या करड्या पाइपाला सुंभाने नाहीतर नायलॉनच्या दोरीने आवळ. पाइप जुना, उन्हापावसाने पिचलेला, वरून दोन माणसं चढली की सांध्यातून तडकतो. मग मुकादम म्हणतो काढा तो, नवीन पीव्हीसी टाकायचाच आहे. तो काढायचा म्हणजे काय, परांचीवर उभं राहून हातोडा मारायचा आणि तुकडे खाली सोडायचे. स्टीलची परांची असेल तर भिंतीला अँकर मारायला ड्रिल, आणि मध्ये पत्र्याची पडवी आली तर कटरने तिला भोक पाडून त्यातून पाइप वर काढायचा. या सगळ्यात कोणीही, अगदी कोणीही, विचारत नाही की हे आहे कशाचं. प्लंबर नंतर येतो, रंगारी त्याच्या नंतर, इंजिनियरसाहेब बिल पास करायला येतात. परांचीवाला पहिल्या दिवशी येतो आणि सगळे गेले की राहिलेली धूळ झटकत फळ्या सोडवतो. म्हणजे सुरुवातीची धूळ पण त्याचीच आणि शेवटची पण त्याचीच.

जवळच्या एका औद्योगिक शेडचं छप्पर बदलताना मी समोरच्या गच्चीवरून बघत होतो. पत्रा खालच्या लोखंडी अँगलला इंग्रजी J अक्षरासारख्या वाकड्या हुकने धरलेला असतो, वर नट आणि डांबरी वॉशर. पान्हा लावून नट सोडवला तर पत्रा अख्खा निघतो. पण नट गंजलेले, प्रत्येकाला तेल घालून सोडवत बसायला कोणाला वेळ आहे, म्हणून पोरं हुकच्या भोवतीच हातोड्याने पत्रा फोडत होती, टक टक टक, आणि राहिलेला पत्रा ओढून खाली सोडत होती. खाली काँक्रीटवर पडला की असा पांढरा ढग उठायचा. तोंडाला रुमाल. एकजण ढगाच्या बाजूलाच बसून तळहातावर तंबाखू मळत होता, त्याच धुळीच्या हाताने चुना लावला, चिमूट केली आणि ओठाखाली धरली. संध्याकाळी खराट्याने सगळं झाडून काढलं, कोरडंच, पाणी मारलं नाही. चांगले निघालेले पत्रे कोणीतरी टेम्पोत घालून घेऊन गेला आणि तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात. त्या पोरांना दोष देऊन काय करणार, नाक्यावरून सकाळी उचललेली पोरं ती, त्यांना कोण सांगणार.

आता या धुळीत वाईट काय आहे ते. तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, दिसतो तो सिमेंटचा ढग, तंतू त्याच्या आत. श्वासाबरोबर ते फुफ्फुसात खोलवर जातात आणि तिथेच रुततात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्याने फुफ्फुसं हळूहळू कडक होतात, त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात, माणसाला जिना चढवत नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, विडी-सिगरेट ओढणाऱ्याला तर धोका कैकपटीने. आणि मेसोथेलिओमा म्हणून एक कॅन्सर आहे, फुफ्फुसाच्या आवरणाचा, तो मुख्यतः याच तंतूने होतो आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते की सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो. पांढरा चांगला आणि निळा वाईट असं काही नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात तर नवऱ्याचे कामाचे कपडे धुवून धुवून बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे कामाचा शर्ट घरी जातो, त्याच खोलीत, त्याच बादलीत पोरांचे कपडे.

कोणी म्हणेल आपल्याकडे असं काही ऐकिवात नाही. ऐकिवात नाही कारण शोधत नाही. घाटकोपरच्या एका कारखान्यातल्या कामगारांची मुंबईतल्या डॉक्टर मंडळींनी तपासणी केली, २००५ साली तो अभ्यास छापून आला. १८१ कामगार तपासले, त्यातल्या ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. ते पर्मनंट कामगार, युनियनवाले, एका पत्त्यावर सापडणारे. नाक्यावरचा परांचीवाला आज डोंबिवलीत, उद्या नालासोपाऱ्यात, चार वर्षांनी गावाला मालद्याला नाहीतर झारखंडात. तिथे तो खोकायला लागला तर डॉक्टर टीबीच्या गोळ्या देतो. कोणाच्या हिशोबात तो येणार?

कायदा काय म्हणतो तेही बघा. सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमध्ये निकाल दिला, फार मोठा निकाल आहे तो. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टाने म्हटलं, आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगाराचं मेडिकल रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवायला सांगितलं. आजार सिद्ध झाला तर एक लाखाची भरपाई. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस होताच, त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आहे, डॉक्टरला तो आढळला तर कळवावं लागतं. देशातल्या खाणींना नवीन परवाने देणं १९८६ मध्ये थांबवलं, १९९३ मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही थांबवलं. म्हणजे आपल्या जमिनीतून काढायचं नाही एवढं सरकारला पटलंय. पण बाहेरून आणायचं चालू, आज रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून येणाऱ्या ॲस्बेस्टॉसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच. ब्राझीलची तर कमाल आहे, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्वतःकडे बंदी घातली तरी तिथल्या खाणीचा माल आपल्याकडे येतच राहिला.

तर गंमत अशी की पत्रा जिथे बनतो तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर आहे, रेकॉर्ड आहे, निदान कागदावर तरी. तोच पत्रा तीस वर्षांनी जिथे फुटतो तिथे कोणी नाही. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा होता, आता तो नव्या कामगार संहितेत गेला, त्याच्या नियमांमध्ये परांची कशी असावी यावर अख्खं प्रकरण आहे, फळ्या कशा, कठडा किती, सगळं. परांचीचं भारतीय मानक पण आहे, आय एस ३६९६. ॲस्बेस्टॉसचा माल कसा हाताळावा याचं वेगळं मानक आहे, आय एस ११७६९, आणि कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याचं ११७६८. कागद भरपूर आहेत. पण परांचीच्या कागदाची आणि ॲस्बेस्टॉसच्या कागदाची कुठेच गाठ पडत नाही, आणि मुळात हा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणाला लागू. सोसायटीच्या मागच्या बाजूचे पाइप बदलायला येतात सहाजण. संपलं.

माझा भाचा मेलबर्नला बांधकाम कंपनीत आहे. त्याला फोनवर सहज विचारलं तुमच्याकडे परांचीवाल्यांचं काय असतं रे, तर तो म्हणाला मामा, इथे परांची बांधायलाच लायसन्स लागतं. मला वाटलं कंपनीला, तर नाही, माणसाला! ज्या परांचीवरून माणूस किंवा सामान चार मीटरपेक्षा जास्त खाली पडू शकतं ती बांधणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात सरकारी कार्ड असावं लागतं, फोटोवालं, बेसिक, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि पाच वर्षांनी रिन्यू. ॲस्बेस्टॉसचं लायसन्स वेगळं. दहा चौरस मीटरपेक्षा जास्त सिमेंट पत्रा काढायचा तर कंपनीला लायसन्स हवं. दहा चौरस मीटर म्हणजे किती, तर आपले दहा फुटी पत्रे तीन-साडेतीन भरतील, बस. आणि ते लपेटणासारखं भुगा होणारं असेल तर अगदी थोडं असलं तरी सगळ्यात वरच्या वर्गाचं लायसन्स. काम सुरू करायच्या पाच दिवस आधी सरकारी खात्याला कळवायचं, पत्रे ओले करून अख्खे काढायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून, वर धोक्याचा शिक्का. जुन्या सिमेंटच्या छपरावर प्रेशरचं पाणी मारायलाही बंदी. इथे पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाले काय करतात आठवा, पहिल्यांदा प्रेशर पंप लावून पत्रा खरवडूनच घेतात, रंग चांगला बसतो म्हणून.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट लायसन्स नाही, रजिस्टर. तिथे ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, त्यामुळे कामाची जागा असलेल्या त्याआधीच्या बिल्डिंगीत कुठे कुठे ॲस्बेस्टॉस आहे याचं रजिस्टर मालकाने ठेवायचं असतं. तोडफोड किंवा दुरुस्ती करायची तर ते आधी बघायचं आणि काम करणाऱ्याला दाखवायचं. भाचा म्हणतो परांचीवाला गाडीतून उतरला की पहिलं ते रजिस्टर मागतो, मगच पाइप उतरवतो. विचारणं ही त्याची मिजास नाही, कामाची पद्धत आहे. आणि ही पद्धत काही सुखासुखी आली नाही. त्या देशाने घरंच्या घरं ॲस्बेस्टॉसच्या बोर्डांची बांधली, आजही तीनातल्या एका घरात ते आहे असं तिथलं सरकार सांगतं, आणि विटेनूम नावाचं एक खाणीचं गाव तर त्या निळ्या ॲस्बेस्टॉसपायी नकाशावरून काढून टाकायची वेळ आली. इतकी माणसं घालवून मग नियम आले.

इंग्लंडचं उदाहरण परांचीवाल्यांसाठी अजून नेमकं आहे. तिथे २०१२ चे ॲस्बेस्टॉस नियम आहेत आणि त्यात घातक प्रकारच्या कामाला लायसन्स लागतं, म्हणजे फवारलेला थर, पाइपावरचं लपेटण, इन्सुलेशन बोर्ड. आता ते काढणाऱ्यासाठी परांची बांधायला जो येतो त्याचं काय? तर नियम असा की परांची बांधताना किंवा सोडवतानाच त्या ॲस्बेस्टॉसला धक्का लागणार हे आधी दिसत असेल, समजा छज्ज्याखालच्या बोर्डातच ड्रिल मारून टाय, म्हणजे परांची इमारतीला धरून ठेवणारा आधार, घ्यायचा आहे किंवा जागेवर आधीच चुरा पडलाय, तर परांचीवाल्यालाही लायसन्स पाहिजे. नसेल तर नको. किती साधं, डोक्यात बसणारं आहे. उगाच सगळ्यांना लायसन्सच्या लायनीत उभं केलं नाही. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो की अख्खा सिमेंट पत्रा व्यवस्थित काढायला इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा लायसन्स लागत नाही, पण ट्रेनिंग लागतं, पद्धत लागते, मास्क लागतो. तिथेही वर्षाला साधारण ५००० माणसं जुन्या ॲस्बेस्टॉसपायी मरतात, आणि त्यात कारखान्यातले कमी आणि सुतार, प्लंबर, वायरमन असे बिल्डिंगीत काम करणारेच खूप. बंदी येऊन इतकी वर्षं झाली तरी. आपल्याकडे बंदीच नाही, तर पुढच्या चाळीस वर्षांचा हिशोब कोण करणार.

मग आपणही लायसन्स चालू करा असं मी म्हणतोय का? खरं सांगू, मला भीती वाटते. उद्या जीआर निघाला की परांचीला लायसन्स सक्तीचं, तर परवापासून एजंट फोटोकॉपीच्या दुकानात बसून लायसन्सं काढून देतील, रेट ठरेल, आणि नाक्यावरचं पोरगं जिथे होतं तिथेच. कागद वाढेल, धूळ तेवढीच. म्हणून मला आधी ते रजिस्टर हवंय, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी कोणीतरी बघून लिहून ठेवलेलं असणं की इथे पत्रा आहे, इथे पाइप आहे, याला हात लावायचा नाही किंवा असा लावायचा. त्यासाठी नवीन खातं काढायला नको. सोसायट्यांना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगला पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. ऑडिटवाला इंजिनियर गच्चीपासून तळापर्यंत फिरतो, तडे मोजतो, हातोडीने प्लास्टर वाजवून बघतो, फोटो काढतो. मी जेवढे रिपोर्ट हाताळले त्यात गळती होती, गंजलेल्या सळ्या होत्या, ॲस्बेस्टॉसचा शब्द नव्हता. एक पान वाढवा ना त्याला. फोटो तर तो काढतोच आहे.

दुसरं, जे त्या दिवशीच मारतं. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. दिसायला दगडासारखा, पण जुना झाला की पाय पडला तर खचकन आत. परांचीवरून छपरावर उतरताना, फळी न टाकता दोन पावलं चालताना माणसं खाली गेलेली आहेत, प्रत्येक एमआयडीसीत असे किस्से सांगणारे भेटतील. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, हुकांच्या लाइनीवरून चालणं पण खरं नाही, आडव्या फळ्या टाकायच्या, बेल्ट वरच्या लाइफलाइनला अडकवायचा, आणि शक्य असेल तर परांची खालून बांधून खालूनच पत्रे सोडवायचे. गंमत म्हणजे धुळीपासून वाचायची आणि पडण्यापासून वाचायची पद्धत बरीचशी एकच आहे, पत्रा न फोडता, घाई न करता, अख्खा काढणं. जो नट सोडवतो तो दोन्हीतून वाचतो. मास्कचं म्हणाल तर रुमाल आणि ते निळे सर्जिकल मास्क यांचा काही उपयोग नाही, निदान एन ९५ तरी पाहिजे आणि तोही नाकावर दाबून बसवलेला, कोविडमध्ये सगळ्यांना तो बांधायला आलाच होता.

कचऱ्याचं तर विचारूच नका. जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, अलिबाग, सगळ्या पट्ट्यात घरांवरचे सिमेंटचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. लोकांनी बिचाऱ्यांनी हाताने तुकडे गोळा केले, काहींनी वाटेत चिखलावर टाकले, काहींनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावले, दुसरं करणार काय. नंतर नवीन छपरं आली तीही अनेकांनी तेच पत्रे आणून घातली, कारण लोखंडी पत्र्याला खारी हवा गंज आणते आणि कौलाचा खर्च परवडत नाही. हे गरिबाचं छप्पर आहे, त्यामुळे फेकून द्या, बंदी घाला असं मुंबईच्या एसीत बसून म्हणणं सोपं आहे. पण फुटलेला तुकडा कुठे टाकायचा याची सोय तरी? घातक कचऱ्याची केंद्रं आहेत, तळोज्याला आहे, रांजणगावला आहे, तिथे कारखान्यांचा माल जातो. चार पत्रे आणि दोन पाइपांसाठी सोसायटीचा सेक्रेटरी तळोज्याला जाणार आहे का. पालिकेने वर्षातून दोन वेळा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, प्लास्टिकमध्ये बांधलेले पत्रे उचलायची गाडी फिरवली तरी खूप. ई-कचऱ्याच्या गाड्या फिरतातच की काही ठिकाणी.

आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो, त्यातून नोंदणी झालेल्या कामगाराला भांड्यांचा संच मिळतो, सेफ्टी किट मिळतं, चांगलंच आहे. त्या भांड्यांच्या लायनीत तो दिवसभर उभा असतो. त्याच दिवशी, त्याच मंडपात, त्याच्या भाषेत, म्हणजे हिंदी-बंगालीतही, अर्धा तास एक करडा पत्रा आणि एक पाइप समोर ठेवून कोणी सांगितलं की बाबा हा असा दिसतो, याला फोडू नको, ओला कर, कपडे इथेच झटकू नको, तर किती खर्च येतो? आणि छातीचा एक्स-रे काढून त्याची नोंद त्याच कार्डावर केली तर पुढेमागे तो माणूस कुठल्याही गावात खोकायला लागला तरी डॉक्टरला कळेल की याने काय काम केलंय. सुप्रीम कोर्टाने रेकॉर्ड ठेवायला सांगून इतकी वर्षं झाली, ते कारखान्याच्या गेटच्या आतच अडकून पडलं.

सरकारचं होईल तेव्हा होईल. तुमचे वाचक सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आहेत, शाळांच्या कमिट्यांवर आहेत, छोटे कारखानदार आहेत, त्यांना एक सांगतो. यंदाच्या रिपेअरचं टेंडर काढाल तेव्हा त्यात एक कलम घाला, भाषा अशी ठेवा: "इमारतीतील सिमेंटचे पत्रे व जुने सिमेंट पाइप यांची यादी सोसायटी देईल. परांची त्यांना बांधू नये. ते न फोडता, न कापता, पाणी मारून, नट सोडवून अख्खे काढावेत, दोरीने खाली घ्यावेत, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावेत, कामगारांना एन ९५ मास्क ठेकेदाराने द्यावेत." यादी म्हणजे काय, गच्चीवर आणि मागच्या गल्लीत एक चक्कर मारून मोबाइलवर काढलेले दहा-बारा फोटो. ठेकेदार कुरकुरेल, दिवस वाढतात म्हणेल, जास्त पैसे सांगेल. बाकीच्या आयटमांवर त्याच्याशी हवी तेवढी घासाघीस करा, हे कलम मात्र खोडू देऊ नका, आणि काम चालू असताना एकदा तरी खाली उतरून बघा की नटाला पान्हा लागलाय का हातोडा.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, डोंबिवली पूर्व